चौकटीत माणूस नको

गहिनीनाथ खाकाळ हा पक्ष्यांचा मोठा जाणकार होता, असं आता लोक सांगतात. सांगोत बापडे. मी त्याच्या डार्करूममध्ये हायपो या रसायनाचा वास घेत एकोणीस वर्षं काढली आहेत, तेव्हा खरं काय ते सांगायचा थोडा हक्क मलाही आहे. त्याला पक्ष्यांविषयी फारसं काही वाटत नसे. त्याला जे काही वाटायचं ते स्वतःविषयी.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडसमोर, सायकलच्या दुकानाच्या माडीवर आमचा स्टुडिओ होता. आमचा म्हणजे त्याचा. पाटीवर नाव त्याचं आणि आत लाल दिव्याखाली उभा मी, छगन. गिऱ्हाईक म्हणजे अर्जाला फोटो हवा असलेली पोरं, लग्नाच्या मुली, नवी जोडपी आणि अधूनमधून एखादा मयत. जोडप्यांसाठी भिंतीवर रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं, तळ्यात कमळं आणि दोन पांढरे हंस. गहिनीला सगळ्या जन्मात लाभलेले आज्ञाधारक पक्षी एवढेच. बाकी एकही पक्षी त्याच्यासमोर कधी धड बसला नाही.

माणूस दिसायला रुबाबदार. उंच, गोरटेला, केस मागे वळवलेले. गिऱ्हाइकाशी आवाज असा मऊ करायचा, की चिडलेला नवरदेवसुद्धा हनुवटी वर करून बसायचा. पण हा मऊपणा बटण दाबेपर्यंतच. फोटो निघाला की समोरचा माणूस याच्या लेखी संपला. आठ दिवसांनी तोच माणूस कापडबाजारात भेटून रामराम करायचा आणि हा माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, "अरे, परवा याचंच लग्न काढलंस." तर म्हणायचा, "चेहरे कुणी लक्षात ठेवायचे, छगन? ते निगेटिव्हवर असतात." असं काही बोलला की दिवसभर स्वतःवरच खूश.

पक्ष्यांचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते सत्तर साली, पुण्यात. तिथे फोटोग्राफीचा एक क्लब होता. डॉक्टर, बँकेतले साहेब, एक निवृत्त न्यायाधीश असे लोक. रविवारी जमायचे, एकमेकांचे फोटो भिंतीवर लावायचे आणि माना तिरक्या करून उभे राहायचे. गहिनी आपले निवडक फोटो घेऊन गेला. सोबत पिशवी धरायला मी. जज्जसाहेबांनी एकेक फोटो चष्म्यावरून पाहिला आणि म्हणाले, "स्टुडिओवाले चेहरे बरे काढतात." बास, एवढंच. परतीच्या एसटीत शिरूरपासून नगरपर्यंत गहिनी तो एकच शब्द मला ऐकवत होता. स्टुडिओवाले! जसं काही त्यांनी त्याला खाटीक म्हटलं होतं.

त्या क्लबात मान होता तो रानातल्या पाखरांचे फोटो काढणाऱ्यांना. सभासद व्हायचं तर तसा एक फोटो दाखवावा लागे, आणि त्याला नियम दोन. पक्षी नुसता फांदीवर बसलेला नको, काहीतरी करताना हवा. याला ते 'ॲक्शन' म्हणत. आणि चौकटीत माणूस नको. माणूस तर नकोच, त्याची खूणही नको. कुंपण नको, बांध नको, गाडीवाटेची चाकोरी नको. रान कसं, मनुष्यजात अजून जन्मालाच आली नाही असं दिसलं पाहिजे. आता आमच्या जिल्ह्यात हातभर जागा अशी सापडेना, की जिच्यावरून कुणाचं ढोर गेलं नाही. पण गहिनीला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला कोटाला लावायला तो क्लबचा बिल्ला हवा होता. त्या बिल्ल्यापायी त्यानं स्वतःची तीन वर्षं घालवली, आणि माझीही.

पूर्व जर्मनीचा एक जुना कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स त्यानं कुठून तरी पैदा केली. मग लपण आलं. लपण म्हणजे कळकाच्या चार काठ्या, भोवती गोणपाट, वर बाभळीच्या फांद्या आणि पुढे लेन्सपुरतं भोक. आत बसून भोकातून पाहत राहायचं. घाम, गोचिड्या, पायाला मुंग्या, सगळं सोसायचं आणि हूं की चूं करायचं नाही. पण पाखरू काही खुळं नसतं. माणूस आत शिरताना दिसला की ते दिवसभर तिकडे फिरकत नाही. त्यावर क्लबातल्या डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली होती. दोघांनी आत जायचं आणि एकानं बाहेर येऊन निघून जायचं. पाखराला मोजता येत नाही. एक माणूस जाताना दिसला की त्याला वाटतं, खोपी रिकामी झाली.

तो निघून जाणारा माणूस मी. पक्ष्यांच्या छायाचित्रणात माझी कामगिरी ती एवढी. आत जायचं, बाहेर यायचं आणि लांब टांगा टाकत, जमलं तर खोकत, दिसेनासं व्हायचं. गहिनी आतून कुजबुजायचा, "छगन, नीट दिसशील असा जा." शाळेच्या गॅदरिंगमध्येही मला याहून मोठं काम मिळालं होतं.

कोल्हारला प्रवरेच्या काठी खंड्यासाठी आम्ही सतरा दिवस काढले. खंड्या फांदीवरून सुळकन पाण्यात जायचा आणि मासा घेऊन वर यायचा. गहिनीच्या बोटापर्यंत ही बातमी पोचेस्तोवर पाण्यावर नुसती वलयं उरलेली. सतरा दिवसांत वलयांचे चाळीस फोटो जमले. एके दिवशी तर खंड्या चोचीत मासा धरून थेट त्याच्या लेन्सवरच येऊन बसला. आत गहिनी रोल बदलत होता. मी काठावरून ते पाहतोय आणि ओरडायची सोय नाही. घाटावर धुणं धुणाऱ्या बायांनी पाहिलं, नावाड्यानं पाहिलं, मी पाहिलं. एकट्या गहिनीला तेवढं दिसलं नाही.

मग बहात्तरचा पाऊस गेला आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा उजाडला. कुठल्याशा कचेरीला दुष्काळी कामांचे फोटो हवे होते, म्हणून आम्ही कर्जतच्या अंगाला सीनेकाठच्या एका गावी गेलो. गावाचं नाव सांगत नाही. पाझर तलावाचं काम चालू होतं. शे-सव्वाशे माणसं टोपल्यांनी माती वाहत होती. गहिनीनं त्यांचे फोटो घाण्याला जुंपल्यासारखे काढले, म्हणजे एकदाही मान वर न करता. मान वर केली ती वाळूच्या रंगाच्या, पारव्याएवढ्या पाखरांचा एक थवा डोक्यावरून ओरडत नदीकडे गेला तेव्हा.

"पखुर्ड्या," मुकादम म्हणाला. "रोज आठ-साडेआठला पान्यावर येत्यात. नर पोट भिजवून नेतो. पिल्लं त्या पिसांतनं चोखून पित्यात म्हन्तात."

गहिनीनं माझा दंड धरला. ही गोष्ट क्लबात निघाली होती. जज्जसाहेबांनी ती उडवून लावली होती. मेंढक्यांच्या गप्पा आहेत या, म्हणाले. कुणी पाहिलंय? फोटो आहे कुणाकडे? आता गहिनीच्या डोळ्यांपुढे तो फोटो भिंतीवर लागलासुद्धा होता, आणि जज्जसाहेब त्याच्यापुढे मान तिरकी करून उभे होते.

नदी म्हणजे तेव्हा नुसती वाळू. पाणी होतं ते वाळूच्या पोटात. तिथली माणसं पात्रात कमरेइतका खड्डा उकरतात, त्याला झिरा म्हणतात. तळाशी हळूहळू पाणी पाझरतं, ते करवंटीनं उपसून घागरीत भरायचं. घागर भरायला चांगला अर्धा तास लागतो. त्या पात्रात एकच धड झिरा उरला होता, साळूबाईचा. साठीची, काटकुळी बाई. माती वाहणं होईना म्हणून मुकादमानं तिला पाण्यावर ठेवलेली. ती तांबडं फुटायला येऊन झिऱ्याशी बसायची आणि घागरी भरायची. कामावरच्या बाया येऊन त्या नेत. त्या सगळ्या कामाला प्यायचं पाणी तिच्या करवंटीतून जायचं.

गहिनीनं जागा हेरली ती तिच्या झिऱ्याच्या वर, चाळीस पावलांवर. तिथे सकाळचं ऊन त्याच्या पाठीशी येत होतं आणि मागे नुसती वाळू, माणसाची काही खूण नाही. पाखरांसाठी त्यानं तिथे नवा झिरा खोदायला घेतला. मीही खोरं मारलं. आता त्या काठचं शेंबडं पोरही सांगेल, की दुसऱ्याच्या झिऱ्याच्या वरच्या अंगाला झिरा पाडायचा नसतो. खालच्याचं पाणी तुटतं. पण आम्ही पडलो नळाची माणसं. पाणी कुठून येतं, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.

पाच दिवस नाटक सुरळीत चाललं. दोघं आत, एक बाहेर, मी काठावरच्या बाभळीखाली. पखुर्ड्या आल्याही. पण गहिनीनं खड्डा असा उभ्या कडांचा खणला होता, की त्या काठावरून माना लांबवत दोन घोट प्यायच्या आणि भुर्रकन उडायच्या. पोट भिजवायला आत उतरायची कुणाची छाती नाही. गहिनी सोललेल्या नाकानं बाहेर यायचा आणि पाखरांना शिव्या घालायचा.

सहाव्या दिवशी मी नेहमीसारखा खोकत खोकत लांब गेलो आणि पाहतो तर साळूबाई तरातरा लपणाकडे निघालेली. लपणासमोर उभी राहिली.

"आत बसलाय त्यो भायेर ये."

आतून आवाज नाही. गहिनी श्वास धरून बसला होता. बाई निघून जाईल, असा त्याचा हिशेब.

"आरं, दोघं आत गेलात आन् एक भायेर आला," साळूबाई म्हणाली. "मी काय पाखरू हाय व्हय?"

गोणपाट हललं आणि पुण्याच्या क्लबचा होऊ घातलेला सभासद चार पायांवर बाहेर आला. केसांत बाभळीचे काटे, गुडघ्याला वाळू. मी धावत येऊन पोचलो, पण खरं सांगतो, हसू आवरत नव्हतं.

तिनं त्याला हाताला धरून स्वतःच्या झिऱ्यावर नेलं. तळाला चहाच्या बशीत मावेल एवढं पाणी होतं. "पाच दिस झाले, रोज पानी खाली चाल्लंय. म्या म्हनलं, नदी आटली. मंग वर येऊन बघितलं तर ह्यो तुमचा हौद. कामावर सव्वाशे मानूस हाय. पानी पुरलं न्हाई तर मुकादम मला घरी बसवील. मी काय खायाचं? ल्योक-सून गेल्यात पुन्याकडं, हितं मी येकलीच हाय."

"मावशी, दोनच दिवस," गहिनीचा आवाज स्टुडिओतल्यासारखा मऊ झाला. "फार मोठं काम आहे. शास्त्राचं काम आहे." आणि त्यानं तिला पखुर्डीच्या पोटाची गोष्ट सांगितली.

साळूबाई आधी ऐकत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आन् त्याच्यापायी पोत्यात बसतोस? आरं, रोज भिजिवत्यात. माज्या म्होरं. त्यो बघ, तितं." झिऱ्याच्या कडेला वाळूत ताटाएवढा उथळ खळगा होता. "मी सकाळी करवंटीभर वतते तितं. मुकी जात हाय. हितं तासन्‌तास बसायचं तर मलाबी तेवढीच सोबत. दोन-तीन नर येत्यात, बुडी मारून बसत्यात अंड्यावर बसल्यावानी. हितं, हातभरावर."

गहिनीनं लगेच खोरं उचललं आणि स्वतःचा खड्डा बुजवायला लागला. साळूबाईला वाटलं, माणसाला चूक उमगली. ती म्हणालीसुद्धा, "चांगल्या घरचा दिसतोय." उमगलं कसलं! हातभरावर हा शब्द त्याच्या कानात शिरला होता, म्हणून तो खड्डा बुजवत होता. तिनं मैलभर लांब सांगितलं असतं, तर त्यानं आणखी दोन खड्डे खणले असते.

तिनं त्याला बसू दिलं. अट एकच. "घोंगडं पांघर, माज्या पाठीमागं बस आन् हालू नगं. वास-बिस लावून येऊ नगं." त्या दिवसापासून गहिनीचं केसांचं सुगंधी तेल बंद झालं. लपण मोडलं, लांब लेन्स पेटीत गेली, छोटी लेन्स लागली. तीन वर्षं गोणपाटात शिजून जे मिळालं नाही, ते साळूबाईच्या पाठीशी बसून मिळणार होतं, आणि हे तिला फुकट माहीत होतं.

दोन सकाळी पाखरं लांबच बसून राहिली. तिसऱ्या सकाळी मी काठावर होतो. ऊन तिरपं, वाळू पांढरी. साळूबाईनं घागर भरली, मग एक करवंटी भरून घेतली आणि खळग्यात ओतायला हात पुढे केला. धार पडत असतानाच एक नर दुडक्या चालीनं आला, थेट त्या धारेखाली शिरला, पाण्यात पोट टेकवून बसला आणि दोन्ही पंख उचलून अंग खालीवर घासायला लागला. काळपट पोटाची पिसं फुगलेली, थेंब उडताहेत. साळूबाईचा हात तसाच होता, जराही थरथरला नाही. कॅमेरा तीनदा वाजला. तिसऱ्याला नर उडाला. त्याच्या पोटावरून वाळूवर ओल्या थेंबांची रेघ उमटली आणि तेवढ्यात सुकलीही.

गहिनी उठून नाचायचाच बाकी होता. आनंदाच्या भरात म्हणाला, "मावशी, तुमचा हात आलाय फोटोत! मोठी कॉपी करून देतो तुम्हाला. स्वतः आणून देतो."

"हाताचा रं काय करायचा?" साळूबाई म्हणाली. "काडायचा तर तोंडाचा काडायचास." पण तिनं हात उलटासुलटा करून पाहिला आणि लुगड्याला पुसला. तिचा फोटो आजवर कुणी काढला नव्हता. गहिनीनं तिला स्टुडिओचं कार्ड दिलं. ते तिनं कमरेच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलं.

त्या दुपारी नगरला मी रोल धुतला. दुसरा फोटो कागदावर उमटायला लागला तेव्हा मी ट्रे हलवायचा थांबलो. एकोणीस वर्षांत मी हजारो चेहरे त्या पाण्यातून वर येताना पाहिले, पण असं काही पाहिलं नाही. पाखरू मध्ये, पंख उभारलेले, थेंब हवेत. आणि डाव्या बाजूनं आलेला तो हात, शिरा वर आलेल्या, मनगटात दोन बांगड्या, कललेली करवंटी, पाण्याची धार. पंखाचं टोक जवळजवळ बोटांना लागलेलं. मला रडू आलं. गहिनीलाही काहीतरी झालं असावं. त्यानं प्रिंट चिमट्यानं उचलून लाल दिव्याजवळ धरली.

मग म्हणाला, "हात काढावा लागेल."

"गहिनी, हात आहे म्हणून फोटो आहे."

"चौकटीत माणूस नको," तो म्हणाला. "तुला नियम माहीत आहे."

कड कापावी तर पंख तुटत होता. म्हणून मी मोठी प्रिंट केली, रिटचिंगचा बारीक ब्रश घेतला आणि दोन दिवस बसून त्या हातावर वाळू रंगवली. कण न् कण. बांगड्या गेल्या, करवंटी गेली, धार गेली. मग त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढून नवी निगेटिव्ह केली. काम इतकं सफाईदार झालं की माझं मलाच कौतुक वाटलं.

पुण्यात जज्जसाहेबांनी भिंग लावून फोटो पाहिला. डॉक्टरांनी पाहिला. बँकेच्या साहेबांनी पाहिला. भर दुष्काळात, कोरड्या वाळूत हे ताटभर पाणी कुठून आलं, असं त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. "वाळूचा पोत सुरेख आलाय," एवढं मात्र म्हणाले. ज्या वाळूचं त्यांनी कौतुक केलं, ती मी रंगवली होती. गहिनीला बिल्ला मिळाला. फोटो मोठ्या काचेत स्टुडिओत लागला, हंसांच्या पडद्याशेजारी. पाटीवर नावाखाली 'वन्यपक्षी छायाचित्रकार' अशी नवी ओळ आली. साळूबाईची कॉपी करायची आठवण मी त्याला दोनदा दिली. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बघू."

पुढच्या वर्षी, चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, जज्जसाहेब आणि डॉक्टर नगरला आले. फोटो काढला ती जागा त्यांना पाहायची होती. गहिनीनं नवा शर्ट घातला होता, चहा-बिस्किटं मागवली होती. दोघं कोचावर बसले होते, डोक्यावर तो फोटो. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात साळूबाई उभी राहिली. हातात पिशवी, आणि ते कार्ड.

"लेकीकडं आल्ते नगरात," ती म्हणाली. "म्हनलं फोटू घिऊन जावा. वरीस झालं, तू काय फिरकला न्हाईस."

आतापर्यंत चेहरे न ओळखणाऱ्या गहिनीनं हा चेहरा चटकन ओळखला. त्याचा रंगच उडाला. साळूबाईचं लक्ष भिंतीकडे गेलं होतं. ती कोचाच्या कडेनं पुढे झाली. "ह्योच की! लई ग्वाड आलाय नर. पोट बघ की त्येचं." मग ती काचेजवळ गेली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, परत डावीकडे पाहिलं. आणि तिनं पंजा उचलून काचेवर ठेवला. बरोबर त्याच जागी. भिंगाला जे सापडलं नव्हतं, ते तिला एका नजरेत सापडलं.

"माजा हात हितं हुता," ती म्हणाली.

जज्जसाहेबांनी कप खाली ठेवला. "काय म्हणते ही बाई?"

"काही नाही, साहेब," गहिनी हसला. त्याच मऊ आवाजात म्हणाला, "दुष्काळी कामावरची आहे बिचारी. उन्हात राहून राहून जरा..." आणि त्यानं कपाळाशी बोट फिरवलं.

ते बोट साळूबाईनं पाहिलं. मला वाटलं आता ती त्याला सोलून काढणार. तिनं तसं काही केलं नाही. ती माझ्याकडे वळली.

"तू हुतास की रं काठावर. तू सांग ह्यास्नी. मी पानी वतलं म्हनून त्यो आला, का न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मूळ निगेटिव्ह माझ्या पाठीमागच्या खणात, पाकिटात होती. हात मागे नेला असता तर मिळाली असती. गहिनीचा बिल्ला गेला असता, कदाचित पाटीही, आणि माझी नोकरी. पण एवढा सगळा विचार मी केला असं म्हणणं खोटं होईल. दोन मोठी माणसं समोर बसली होती आणि मला त्यांची लाज वाटली, एवढंच.

"मला आठवत नाही, मावशी," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. तिनं पदर सारखा केला, कार्ड टेबलावर ठेवलं आणि भिंतीला धरून एकेक पायरी उतरली. डॉक्टरांनी गहिनीला शटरचा वेग विचारला. गहिनीनं सांगितला.

गहिनीला जाऊन आता सहा वर्षं झाली. त्याच्याविषयी मी इथे जे लिहिलं त्यातला एक शब्द मागे घेणार नाही, तो होताच तसा. पण त्या दिवशी बोट फिरवलं ते त्यानं, आणि तिनं विचारलं होतं ते मला. निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे. कॉपी करायला पंधरा मिनिटं लागतात. तिच्या मागे मी चार पायऱ्यासुद्धा उतरलो नाही.